दोरा बांधलेलं गिलकं

यंदा तान्ह्या पोळ्याच्या सकाळी वेलावरचं पहिलं गिलकं उतरवलं. वीतभर लांब, अंगावर गडद हिरव्या रेघा, बोटानं दाबलं तर जरासं दबणारं. सासूबाई ओसरीत खाटेवर बसल्या होत्या. त्यांच्या हातात नेऊन दिलं. त्यांना आता दिसतं कमी, त्यामुळे भाजी असो की नातवाचं तोंड, आधी हात फिरतो. देठापासून टोकापर्यंत त्यांनी अंगठा फिरवला, टोकाशी वाळून चिकटलेलं फूल नखानं काढून टाकलं आणि म्हणाल्या, "हे खाऊन टाका. दुसरं-तिसरं पाह्यजो बियाले. ज्याचा देठ जाड असन त्याले दोरा बांधजो."

हे वाक्य मी 27 पावसाळे ऐकते आहे. शब्दही फारसे बदललेले नाहीत. पहिल्या वर्षी मात्र ते मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि तिथूनच माझी आणि या वेलाची ओळख सुरू झाली.

माझं सासर वर्धा जिल्ह्यात, सेलू तालुक्यात. बोर धरणाच्या पाण्यावर काही शेतं भिजतात, बाकी सगळा भरवसा पावसावर. कपाशी, तूर, सोयाबीन. घरामागे सांदवाडी आहे, पुस्तकात जिला परसबाग म्हणतात ती. तिच्यात एक शेवगा, एक कागदी लिंबू, धोप्याची, म्हणजे अळूची, चार-पाच झाडं, कढीपत्ता, कोपऱ्यात मिरच्या, आणि न्हाणीच्या भिंतीला लागून गिलक्याचा वेल. पुण्या-मुंबईकडे याला घोसाळं म्हणतात. आमच्याकडे गिलकं. सासूबाई आणि त्यांच्या वयाच्या बाया चोपडं दोडकं म्हणतात, म्हणजे ज्याच्या अंगावर धारा ते दोडकं, आणि धारा नाहीत ते चोपडं दोडकं. त्यांची ही मांडणी वनस्पतिशास्त्रातही खरी निघते. दोन्ही वेल एकाच लुफा वंशातले. 'लुफा' हा शब्द अरबी 'लूफ'वरून आला. युरोपातल्या अभ्यासकांनी 17व्या शतकात इजिप्तमधलं हे नाव उचललं, आणि गिलक्याच्या एका शास्त्रीय नावात 'इजिप्शियाका' येऊन बसलं. वेल मूळचा आपल्या आशियातला.

तर, पहिलं वर्ष. लग्न होऊन चार महिने झाले होते. महालक्ष्म्या आल्या. आमच्याकडे महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला सोळा भाज्या लागतात, आणि त्या दिवशी पंधराच जमल्या होत्या. मी सांदवाडीत गेले. वेलावर कोवळं एकही शिल्लक नव्हतं, पण न्हाणीच्या छपराशी एक भलंमोठं गिलकं लोंबत होतं, माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत भरेल एवढं. त्याच्या देठाला लाल दोरा बांधलेला. मला वाटलं, नवस असेल, किंवा नजर लागू नये म्हणून. दोरा सोडवून मी ते तोडलं. विळीवर धरलं तर पातं आत अडलं. आत पांढरी जाळी झाली होती, आणि तिच्यात अडकलेल्या बिया अजून पांढऱ्या, दुधाळ. भाजीलाही गेलं नाही, बियाण्यालाही नाही.

सासूबाई मला काहीच बोलल्या नाहीत. सणाचं घर होतं, पाहुणे होते. संध्याकाळी मी पाहिलं, तर त्या उकिरड्यावरून ते दोन तुकडे उचलून आणून पायरीवर बसल्या होत्या. एकेक बी नखानं दाबून पाहत होत्या. एखादं तरी भरलेलं निघेल म्हणून. निघालं नाही. दुसऱ्या वर्षी जून लागल्यावर त्या स्वतः चालत मोठ्या जाऊबाईंच्या घरी गेल्या आणि पदराच्या गाठीत बांधून आठ बिया घेऊन आल्या. त्या बिया आमच्याच वेलाच्या होत्या. आधीच्या वर्षी त्यांनीच जाऊबाईंना दिलेल्या. तेव्हा कळलं की घरचं बी जपायची खरी जागा दुसऱ्याचं घर असतं. त्या आठ बियांपासून आजवर खंड पडलेला नाही.

पेरणीचं फार काही सांगण्यासारखं नाही. मृग बरसला, जमीन दोन-तीनदा भिजली की बिया रात्रभर कोमट पाण्यात भिजत घालायच्या. गिलक्याची बी काळी, चपटी, कडेला बारीकशी किनार असलेली; टरफल जाड असतं, न भिजवता लावली तर रुसून बसते. एका आळ्यात तीन बिया, आठवडाभरात कोंब, त्यातलं जोमदार एक ठेवायचं. आमच्या काळ्या जमिनीत एकच काळजी घ्यावी लागते. ही माती पाणी धरून ठेवते, आणि या वेलाची मुळं साचलेल्या पाण्यात सडतात. म्हणून खोलगट आळं करायचं नाही, उलट शेणखत-माती मिसळून वीतभर उंच बोदड करायचं आणि त्याच्या डोक्यावर बी टोचायची. न्हाणीचं पाणी जवळून वाहत जातं, मूळ आपलं आपण तिकडे पोचतं. उन्हाळ्यातही हा वेल लावतात, पण आमच्याकडे मे महिन्यात पारा 45च्या वर जातो, पानं दुपारी फडक्यासारखी लोंबतात आणि वेल नुसती नर फुलं काढत राहतो. माझं मत विचाराल तर विदर्भात गिलकं पावसाळ्याचंच.

वर चढायला आम्ही पऱ्हाट्या लावतो. कपाशी निघाल्यावर जी वाळकी झाडं राहतात ती. त्यांच्या फांद्यांना वेलाचे ताणे छान धरतात. टिनावर वेल चढू देऊ नये, ऊन पडलं की पत्रा तापतो आणि खालचं फळ भाजून निघतं. लोंबायला जागा मिळाली की गिलकं सरळ वाढतं. जमिनीवर टेकलं की वाकडं होतं आणि टेकल्या बाजूनं सडतं.

आता फुलांविषयी, कारण ती पाहिल्याशिवाय या वेलाचं काहीच कळत नाही. गिलक्याचं फूल पहाटे उमलतं. दोडक्याचं सायंकाळी. आमच्या कुंपणाच्या एका टोकाला गिलकं आणि दुसऱ्या टोकाला दोडकं असतं. सकाळी सहाला मागे जावं तर एक टोक पिवळंधमक आणि दुसरं हिरवं. संध्याकाळी जनावरं घरी येतात त्या वेळेला उलट. एकाची फुलं दुसऱ्याच्या वेळेला मिटलेली असतात, म्हणून शेजारी शेजारी लावूनही आमचं बी सहसा भेसळत नाही. हे सासूबाईंना कोणी शिकवलं नव्हतं. त्यांचं म्हणणं एवढंच, "एक सकायचं, एक सांजचं. दोघाईचं भांडन नाई."

नर फुलं घोसानं येतात, लांब दांडीवर. मादी फूल एकटं येतं आणि त्याच्या मागे इवलंसं गिलकं आधीच तयार असतं, करंगळीच्या पेराएवढं. सुरुवातीचे आठ-पंधरा दिवस नुसती नर फुलं येतात आणि गळतात. त्या दिवसांत कितीजणी मला विचारतात, "ताई, आमचा येल वांझ निघाला का?" आणि काहीजणी तर उपटूनच टाकतात. थांबावं. मादी फुलं मागून येतात. मग पहाटे काळे भुंगे येतात, जाडजूड, घरघर आवाज करणारे, आणि मधमाश्या. झड लागली, म्हणजे तीन-चार दिवस पाऊस उघडलाच नाही, की माशी बाहेर निघत नाही आणि मागची बाळगिलकी पिवळी पडून गळतात. अशा सकाळी मी छत्री घेऊन जाते, एक नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या मागे दुमडते आणि मधला भाग मादी फुलाला हलकेच टेकवते. दहा मिनिटांचं काम आहे. पण ज्या सकाळी ते केलं त्याच्या तिसऱ्या दिवशी देठाशी फुगवटा दिसला की दिवसभर बरं वाटत राहतं.

वेलावर मुंग्या कायम असतात. लोक घाबरून राख फेकतात. कळ्यांच्या बुडाशी जी लहान पानं असतात त्यांच्यावर वेल स्वतःच गोड थेंब काढतो, मुंग्या त्यासाठी येतात. त्या कशाला खात नाहीत. त्यांना राहू द्यावं.

खरा शत्रू फळमाशी. कोवळ्या फळाला टोचून ती आत अंडी घालते. टोचल्या जागी डिंकासारखा थेंब दिसतो, फळ तिथून वाकतं आणि कापलं की आत अळ्या. एका वर्षी माझी निम्मी गिलकी अशी गेली. मी तालुक्याला जाऊन सापळा आणला, टांगला, एक माशी अडकेना. दोन आठवडे वाया गेल्यावर एका कृषी सहायक ताईंनी डबी उघडून वास घेतला आणि सांगितलं की हा आंब्याच्या माशीचा गंध आहे. वेलभाज्यांची माशी वेगळी, तिला क्यू ल्युअर नावाचा गंध लागतो. दुकानदारानं विचारलं नव्हतं आणि मलाही माहीत नव्हतं. तेव्हापासून सापळा घेताना कोणत्या पिकासाठी ते मी आधी सांगते, आणि बियाण्यासाठी ठेवलेल्या गिलक्याला कोवळेपणीच जुन्या पातळाच्या फडक्याची पिशवी घालते. किडकी फळं उकिरड्यावर टाकायची नाहीत. त्यातल्या अळ्या मातीत उतरून पुन्हा माशा होतात. हातभर खड्ड्यात पुरायची.

गिलक्याचं सगळं शहाणपण एका प्रश्नात आहे, कधी तोडायचं. फूल गळाल्यापासून आठवड्याच्या आत तोडलं तर भाजी. त्यापुढे चार दिवस गेले की आत दोरे धरतात आणि भाजी तोंडात चघळत राहावी लागते. लोक तिथे म्हणतात जून झालं, आणि गाईपुढे टाकतात. त्यांचं चुकतं असं नाही, पण वेलाच्या बाजूनं पाहिलं तर ते गिलकं तेव्हा नुकतं कुठे स्वतःच्या कामाला लागलेलं असतं. आणखी महिना-दीड महिना राहू दिलं तर हिरव्याचं पिवळसर होतं, वजन उतरायला लागतं. त्या वेळी काढलं तर आतली जाळी मऊ आणि पांढरी मिळते. तेही टाळलं आणि वेलावरच पूर्ण वाळू दिलं तर साल तपकिरी, कागदासारखं होतं, फळ पिसासारखं हलकं लागतं, जाळी राठ होते आणि बी काळीभोर भरते. एकच फळ, तीन वेगवेगळ्या दिवशी तोडायचं. दोरा हा बाकीच्यांना सांगण्यासाठी की याचा दिवस अजून यायचा आहे.

कोवळ्याचं आधी सांगते. गिलक्यात नव्वद टक्क्यांच्या वर पाणीच असतं. टोपलंभर चिरून कढईत टाकावं आणि झाकण काढल्यावर वाटीभर उरावं, अशी ही भाजी. नवख्या सुना म्हणून दोनदा चुकतात. एक तर वरून पाणी घालतात, आणि मीठ भाजी डोंगराएवढी दिसते तेव्हाच टाकतात. आटल्यावर ती खारट होते. सासूबाईंची रीत अशी. आधी टोकाची एक चकती कापून जिभेला लावायची. कडू लागलं तर ते गिलकं अख्खं फेकायचं, मिठानं-साखरेनं सावरायला जायचं नाही. काकडी-भोपळ्याच्या कुळातल्या या कडवटपणामागे कुकुर्बिटासिन नावाचं द्रव्य असतं, आणि ते पोटाला चांगलंच बाधतं. गोड निघालं तर सुरीच्या पाठीनं साल नुसतं खरवडायचं. तेलात मोहरी, जिरं, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, तासभर भिजवलेली मूगडाळ, त्यावर गिलक्याच्या फोडी. झाकणावर पाणी ठेवायचं, आत नाही. फोडी पारदर्शक झाल्या की मग मीठ. ज्वारीची भाकर आणि जवसाची चटणी. कोणाला बरं नसलं, तोंडाला चव नसली, की आमच्या घरी हीच भाजी होते.

भजी मला स्वतःला बटाट्यापेक्षा गिलक्याची आवडतात. पातळ गोल चकत्या, बेसनात ओवा आणि तिखट. आत गेल्यावर चकती विरघळून जाते, पाऊस पडत असताना दुसरं काही नको वाटतं. खरवडलेलं साल टाकू नये. तव्यावर तीळ आणि लसणासोबत परतून पाट्यावर वाटलं की चटणी होते. आणि चूल पेटलेली असेल तर एखादं जाडसर गिलकं निखाऱ्यात भाजून, कुस्करून, दही घालून भरीत. याला वांग्याची सर येत नाही, पण पोटाला ते हलकं पडतं.

मधल्या अवस्थेचं गिलकं मी पूर्वी कधी काढत नव्हते. भाजी संपली की एकदम मार्गशीर्षात वाळलेलं काढायचं, भांडी घासायला, एवढंच ठाऊक होतं. चार वर्षांपूर्वी सासूबाई न्हाणीत घसरल्या. हाड मोडलं नाही, पण तेव्हापासून त्यांची आंघोळ मी घालते. त्या आयुष्यभर वजरीनं टाचा आणि वाळक्या गिलक्यानं पाठ घासत आल्या. पण आता कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली आहे, राठ जाळीनं पहिल्याच दिवशी पाठीवर लाल ओरखडे उठले. मी म्हटलं, आई, आता कापडानंच पुसते. त्यांना पटलं नाही. कापडानं अंग पुसल्यासारखं वाटतं, धुतल्यासारखं नाही. मग त्यांनीच सांगितलं, "पिवयं झालं का काढजो. वायू देऊ नको. थे लेकरासाठी काढत होतो आमी."

त्यांची आई बाळंतपणानंतर लेकरांसाठी तशी जाळी काढत असे, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. पिवळसर पडलेलं गिलकं बादलीत रात्रभर बुडवून ठेवायचं. सकाळी साल केळीसारखं सुटतं. आतला बुळबुळीत गर पिळून, चार पाण्यांत धुऊन काढायचा, बिया झटकून टाकायच्या (या बिया कच्च्या, पेरायच्या नाहीत) आणि जाळी उन्हात टांगायची. वाळल्यावर ती पांढरीशुभ्र होते, आणि पाण्यात भिजली की कापसाच्या पेळूसारखी मऊ. मी तिची उभी चिरून पट्टी करते आणि एका बाजूला सासूबाईंच्या जुन्या नऊवारीचा तुकडा शिवते. एका बाजूनं चोळायचं, दुसऱ्या बाजूनं पुसायचं.

आंघोळीच्या आधी ती पट्टी त्या हातात घेतात आणि बोटांनी तपासतात. कुठे राठ दोरा लागला तर "इथं टोचते" म्हणून दाखवतात, मी तो कात्रीनं काढते. मग पाठ. खांद्यापासून खाली, गोल नाही, उभं. मानेच्या मागे जरा जास्त वेळ. त्या काही बोलत नाहीत, फक्त कुठे थांबायचं नाही ते खांदा हलवून सांगतात. त्या पाठीवर पाणी ओतताना मला दरवेळी त्या पायरीवर बसून कच्च्या बिया दाबून पाहणाऱ्या बाई आठवतात. तेव्हा या पाठीला कधी वाकलेलं मी पाहिलं नव्हतं.

इथे एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. गिलक्याची जाळी नैसर्गिक आहे म्हणून ती आपोआप स्वच्छ राहते असं समजू नये. ओली जाळी न्हाणीच्या कोपऱ्यात पडून राहिली, तर तिच्या दोऱ्यांत कातडीचे कण अडकतात आणि जंतू वाढतात. 1994 साली अमेरिकेत यावर संशोधन प्रसिद्ध झालं होतं. अशा जाळीतून त्वचेला संसर्ग देणारे जंतू पसरू शकतात असं त्यात दिसलं. आमच्या आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टरनीही हेच बजावलं. म्हणून वापरली की पिळून उन्हात तारेवर टांगते, आठवड्यातून एकदा उकळत्या पाण्यात घालते, आणि तीन-चार आठवड्यांनी खतात टाकून नवी घेते. जखम, पुरळ असेल तिथे अजिबात लावत नाही. तारेवर ऊन फुकट आहे आणि वेलावर गिलकी भरपूर, कंजुषी कशाला करायची?

भांड्यांसाठी मात्र पूर्ण वाळलेलंच. राख, नाहीतर साबण, आणि गिलक्याचा तुकडा. कढई जळाली असेल तरी निघते. मध्ये दहा-बारा वर्षं आमच्याही घरात हिरवा प्लास्टिकचा काथ्या आला होता. तो झिजतो, म्हणजे त्याचे बारीक तुकडे कुठेतरी जातात, आणि आमच्या घरात ते कुठे जातात हे मला डोळ्यांनी दिसत होतं. मोरीतून नालीत, नालीतून ओढ्यात, जिथे गावची गुरं पाणी पितात. गिलक्याचा तुकडा झिजला तर उकिरड्यात पडतो आणि पुढच्या पावसापर्यंत माती होतो. मी प्लास्टिकचा काथ्या बंद केला. शेजारच्या सहा घरांनीही केला, कारण त्यांना दरवर्षी तुकडे मीच देते.

पुण्याला असलेल्या माझ्या लेकीनं एकदा फोन करून सांगितलं की तिथे दुकानात गिलक्याची एक जाळी दीडशे रुपयांना आहे, पाकिटात घालून, दोरी लावून. तिला नवल वाटलं होतं. मला वाटलं नाही. या जाळीची किंमत जगानं वेळोवेळी ओळखली आहे. एकेकाळी जपानातून ती जहाजं भरून अमेरिकेला जायची आणि आगबोटींच्या इंजिनात गाळणी म्हणून बसायची. दुसऱ्या महायुद्धानं तो व्यापार मोडला. दक्षिण अमेरिकेत पॅराग्वे देशात एल्सा साल्दिवार या बाईंनी गिलक्याच्या जाळीत टाकाऊ प्लास्टिक मिसळून घराच्या भिंतींसाठी फळ्या तयार करून घेतल्या. 2008 साली त्यांना त्या कामासाठी रोलेक्स पुरस्कार मिळाला. हे वाचलं तेव्हा मला आमच्या जुन्या घराचा कुड आठवला, तुराट्या बांधून वर शेणमाती लिंपलेला. दोऱ्यांना माती धरते, आणि दोरे भिंतीला धरतात. तिकडच्या बाईंना हे सुचलं याचा आनंद आहे. आमच्या वर्ध्यात 1934 साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ उभा राहिला, मगनवाडीत घाणी, हातकागद, मधमाश्यापालन यांचे प्रयोग झाले. त्या गावापासून एसटीनं जाऊन यावं एवढ्या अंतरावर राहून आम्ही बायांनी वेलावरची जाळी गुरांपुढे टाकावी आणि काथ्या विकत आणावा, हे मला खरोखर लागतं. आमच्या बचत गटात मी हे बोलले आहे. यंदा चौघींनी बी नेलं.

जपानमधलीच आणखी एक रीत कळली होती. तिकडे या वेलाला हेचिमा म्हणतात. शरद ऋतूत फळं संपली की वेल जमिनीपासून हात-दीड हातावर कापतात आणि मुळाकडचं टोक बाटलीत सोडून ठेवतात. मूळ पाणी ओढतच राहतं, ते बाटलीत साठतं, आणि बाया ते चेहऱ्याला, हाताला लावतात. गेल्या वर्षी मी करून पाहिलं. बाटलीच्या तोंडाला फडकं गुंडाळलं, मुंग्या जाऊ नयेत म्हणून. सकाळी अर्ध्याच्या वर भरली होती, स्वच्छ पाण्यासारखी, वासाला हिरवी. सासूबाईंच्या हातांना लावलं. त्यांनी हात नाकाशी नेले, बराच वेळ तसेच धरून ठेवले, आणि विचारलं, "येल तोडला?" मी हो म्हटलं. "बी काढलं होतं ना पयले?" काढलं होतं.

यंदाच्या दोऱ्याच्या गिलक्याला मार्गशीर्ष उजाडला. मधे कार्तिकात दोन दिवस अवकाळी पाऊस झाला तेव्हा जीव टांगणीला लागला, ओलं झालं की जाळीवर काळे डाग पडतात आणि बी आतच कोंब धरते. पण मग थंडी पडली, कोरडा वारा सुटला, आणि परवा सकाळी न्हाणीच्या छपराशी ते तपकिरी होऊन हलत होतं. वाऱ्यानं हललं की आतून आवाज येत होता. तोडून त्यांच्याकडे नेलं. त्यांनी कानाशी धरून हलवलं, एकदा, पुन्हा एकदा.

वाळलेल्या गिलक्याच्या टोकाला एक लहानशी टोपी असते. वेलानंच केलेली. पूर्ण वाळलं की ती आपोआप सुटते आणि लोंबत्या फळातून बिया खाली पडतात, माणूस असो की नसो. त्यांनी अंगठ्यानं ती टोपी काढली, गिलकं पदरावर उपडं धरलं आणि वरून चापट मारत राहिल्या. काळ्या बिया सरसर पडत होत्या. आत चिकटलेल्या निघाव्यात म्हणून फिरवून फिरवून मारल्या. शंभराच्या पुढे असतील. मग त्यांनी पदरातल्या पदरात हातानं वाटे केले. एक जाऊबाईंच्या सुनेला, एक पुलगावच्या नणंदेला, एक बचत गटाच्या बायांना, एक लेकीला. लेकीच्या गॅलरीत वेल कुठे चढणार असं मी म्हणाले. "तिची ती पायते," म्हणाल्या.

आमचा वाटा सगळ्यांत लहान होता, मुठीत मावेल एवढा. राखेत घोळून फडक्यात घातला. बांधायला काही सापडेना. त्यांनी हात पुढे केला, बोटाला गुंडाळून ठेवलेला लाल दोरा होता, गिलक्याच्या देठावरून सोडवलेला.

"हा घे," म्हणाल्या, "लागनच नंतर."

पुरचुंडी बांधली आणि देवघराच्या कोनाड्यात ठेवली.